फरकाचे ५० हजार आणि 'प्लास्टिकची' लेन्स

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेतल्या शिक्षिका आहेत, नाव-गाव देत नाही. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांनी वाढदिवसाला कॅनन १५००डी घेऊन दिला, सोबत १८-५५ (कॅमेऱ्याच्या डब्यातच येते ती, किट लेन्स म्हणतात तिला) आणि ५५-२५० या दोन लेन्स. शाळेचे कार्यक्रम, घरातली लेक, पावसाळ्यात कास, थंडीत जमले तर पक्षी, असं चालू असतं. रविवारी ज्या ग्रुपबरोबर जातात तिथले दोघं-तिघं दरवेळी म्हणतात, "मॅडम, हात चांगलाय तुमचा, पण ही प्लास्टिकची लेन्स आधी बदला." आता पगाराचा फरक जमा झालाय आणि त्यातले ५० हजार बाजूला काढलेत. डोक्यात तीन गोष्टी आहेत, ग्रुपमधलेच एक जण विकतायत ती जुनी २४-७० एफ २.८, नाहीतर पक्ष्यांसाठी १५०-६००, नाहीतर सगळं विकून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा. मिस्टर म्हणतात एकदाच काय ते चांगलं घे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. शेवटी लिहिलंय, "काका, किट लेन्स काढून टाकायचीच आहे, फक्त कुठली घेऊ तेवढं सांगा. जानेवारीत गॅदरिंग आहे, त्याच्या आत घ्यायचीय." सोबत तीन फोटो पाठवलेत.

ताई, नमस्कार.

पत्र नीट वाचायच्या आधी मी फोटो उघडले, सवयच आहे ती, आणि फोटोत जे दिसलं ते पत्रात कुठंच नाहीये म्हणून तिथूनच सुरू करतो.

पहिला लेझीमचा. मागं निळे-लाल लाइट, पोरं रंगात आलेली, मधली मुलगी वाकून लेझीम वर नेतीये आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक पुसट पट्टा. फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं सगळं लिहून ठेवलेलं असतं, ते बघितलं: ५५ एमएम, एफ ५.६, १/३० सेकंद, आयएसओ ६४००. (नवख्यांसाठी: एमएम मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं, लहान तेवढं रुंद मावतं; एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं; सेकंद म्हणजे शटर किती वेळ उघडं होतं; आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यानं उजेड किती ताणून घेतला, जास्त ताणला की दाणे येतात.) म्हणजे लेन्स होती तेवढी पूर्ण उघडलेली, आयएसओ जवळजवळ टोकाला नेलेला, तरी बिचाऱ्याला १/३० च मिळाला, आणि १/३० मध्ये लेझीम खेळणारं पोर काय थांबत नसतं. हा फोटो लेन्समुळं गेला. मान्य.

दुसरा कासचा, सीतेची आसवं. हा पण हललाय. पण आकडे बघा, एफ २२, १/४०, आयएसओ १००, वेळ दुपारी १२.४०. एफ २२ करायला कुणी सांगितलं हो तुम्हाला? बहुतेक कुणीतरी म्हणालं असणार की आकडा मोठा केला की सगळं फोकसमध्ये येतं. येतं, पण त्याची किंमत बघा. कासच्या पठारावर, १२०० मीटर उंचीवर, वारा कधी थांबतो का? ते फूल सेंटिमीटरभर, दांडी काडीपेक्षा बारीक, ते नाचत होतं आणि तुम्ही त्याला १/४० ला धरायला गेलात. एफ ८ ला तोच उजेड तुम्हाला १/३०० देत होता. शिवाय एफ २२ ला प्रकाश इतक्या बारीक भोकातून येतो की तो कडेला पसरतो, डिफ्रॅक्शन म्हणतात त्याला, आणि मग सगळं चित्रच मऊ पडतं, लाखाची लेन्स लावली तरी पडतं. हा फोटो लेन्सनं घालवलेला नाही, तुम्ही घालवलाय, राग मानू नका.

तिसरा चंडोल, दगडावर बसलेला, तुरा उभा. २५० एमएम. फोकस बरोबर, उजेड सकाळचा, छान. फक्त चंडोल तिळाएवढा आलाय. तिथं ना लेन्स चुकली ना तुम्ही, पक्षी लांब होता एवढंच.

तीन पेशंट, तीन वेगळे आजार, आणि तुमच्या ग्रुपमधले डॉक्टर तिघांना एकच गोळी लिहून देतायत की लेन्स बदला म्हणून. त्यामुळं 'किट लेन्स काढून टाकायचीच आहे' हे जे तुम्ही ठरवून टाकलंय ना, त्याच्याशी मी जरा भांडणार आहे. किट लेन्स म्हणजे दुधाचा दात नाही की तो पडल्याशिवाय पुढचा यायचा नाही.

प्लास्टिक आहे, हो. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती रिंग, तो सुद्धा प्लास्टिकचा आहे. म्हणून ती हलकी आहे आणि म्हणून तुम्ही ती यवतेश्वरच्या घाटातून स्कूटीवर पर्समध्ये टाकून नेता. आत काचा आहेत त्या काचाच आहेत. एफ ८ ला, चांगल्या उजेडात, स्टँडवर ठेवून १८-५५ नं काढलेला फोटो आणि महागड्या लेन्सनं काढलेला फोटो ए-फोर साइजला प्रिंट करून तुमच्या ग्रुपपुढं ठेवा आणि विचारा कुठला कशाचा. मी हा खेळ केलाय, आमच्या इथं दोघांची भांडणं झाली होती. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, तुमची १८-५५ साधारण २५ सेंटिमीटरवरून फोकस करते, आणि जिच्या नावानं सगळे उड्या मारतात ती ५० एमएम एफ १.८ लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत येतच नाही. म्हणजे बारक्या फुलाला तुमची ती 'प्लास्टिकची' जास्त मोठं दाखवते! साडेसहा सेंटिमीटर रुंदीची जागा सगळा फोटो भरून येते तिच्यात, ५० मध्ये तीच साडेदहा सेंटिमीटर होते.

किट लेन्स खरी मार खाते ती अंधारात. १८ एमएमला ती एफ ३.५ उघडते पण जसजसं झूम कराल तसतशी मिटत जाते आणि ५५ ला एफ ५.६ वर येऊन बसते. ५.६ आणि १.८ मध्ये फरक किती, तर उजेड जवळजवळ दहापट. दुपटीचा नाही, दहापट. तुमचा लेझीमचा फोटो एफ २ वर असता तर आयएसओ तोच ६४०० ठेवून १/३० च्या जागी १/२५० जवळ शटर मिळालं असतं. फोटोत दाणे आलेच असते, ते काय चुकत नाही, पण दाणे असलेला चेहरा हा चेहरा असतो.

आणि हो, लेन्सवर आयएस लिहिलंय म्हणून फसू नका. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोर नाचणाऱ्या पोरांना ते थांबवू शकत नाही. हा गैरसमज इतका आहे की लग्नाचे फोटो काढणारी मंडळी पण बोलून जातात.

आता गृहपाठ, तुम्ही शिक्षिका आहात तर चिडणार नाही. मागच्या वर्षभरातले असे फोटो काढा जे तुम्हाला मनापासून हवे होते आणि बिघडले. चांगले नकोत, बिघडलेलेच. ४०-५० तरी निघतील. कॉम्प्युटरवर फाइलला राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं एमएम, एफ, शटर, आयएसओ सगळं मिळतं. हजेरीच्या कॅटलॉगसारखा तक्ता आखा आणि प्रत्येकापुढं एकच शेरा मारा, हलला, अंधार, लांब पडला, मावला नाही, फोकस चुकला, की माझीच चूक. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. कुठला शेरा जास्त येतो बघा आणि तो कुठल्या एमएमला येतो ते बघा. तुमच्या तीन फोटोंवरून आणि पत्रातल्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की 'अंधार' आणि 'माझीच चूक' हे दोन रकाने भरतील आणि 'लांब पडला' मध्ये चार-पाच चंडोल आणि एखादा खंड्या असेल. पण अंदाज तो अंदाज, तक्ता तुमचा.

आता तुमच्या तीन पर्यायांकडं.

२४-७० एफ २.८ घेऊ नका. लेन्स झकास आहे, वाद नाही, पण ती फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी बनलीये. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर कुठल्याही लेन्सचा आकडा १.६ नं गुणायचा, म्हणजे २४ ची होते ३८ आणि ७० ची होते ११२. रुंद बाजू गेली की तुमची. वर्गात उभं राहून बघा, समोरची भिंत सहा मीटरवर धरली तर १८ एमएमला सव्वासात मीटरच्या वर रुंदी मावते, २४ ला साडेपाच. सगळा वर्ग फोटोत घ्यायला तुम्ही मागं मागं सरकत जाल आणि पाठ फळ्याला लागेल. जुनी म्हणताय म्हणजे २००२ सालची पहिली आवृत्ती असेल तर वजन ९५० ग्रॅम, आणि तुमचा कॅमेरा ४७५ ग्रॅम. बरोब्बर दुप्पट. कॅमेऱ्याला लेन्स लावलीये की लेन्सला कॅमेरा टांगलाय तेच कळायचं नाही, आणि आयएस त्यात नाहीच. लहान सेन्सरसाठी हेच काम करणाऱ्या १७-५० एफ २.८ लेन्स टॅमरॉन आणि सिग्माच्या आहेत, कॅननची स्वतःची १७-५५ एफ २.८ आहे, तुमच्यासाठी त्या. त्यांच्याकडं परत येतो. (विकणारे ग्रुपमधलेच आहेत म्हणताय, मग 'आधी लेन्स बदला' हा सल्ला नक्की कुणाचा होता ते पण एकदा आठवून बघा. काही नाही, सहज म्हणतोय.)

१५०-६०० म्हणजे जवळजवळ दोन किलोचा ऐवज. पक्षी हा ज्याचा रोजचा नाद आहे त्यानं घ्यावी, कर्ज सोडून कसंही करून घ्यावी. तुम्ही लिहिलंय 'जमले तर', आणि मागच्या थंडीत दोनदा जमलं. दोनदा! मायणीला किंवा जिथं कुठं जायचं ठरेल तेव्हा पुण्यातून दोन दिवसांसाठी भाड्यानं आणा, ओळखपत्र आणि डिपॉझिट ठेवून मिळतात. दोन दिवस ती गळ्यात वागवली की तुमचं तुम्हाला कळेल हवीये का नको. तोपर्यंत ५५-२५० बरोबर एक युक्ती करा, गाडीतून खाली उतरू नका. पक्षी माणसाला घाबरतो तेवढा गाडीला घाबरत नाही, इंजिन बंद, काच खाली, काचेच्या कडेवर उशी आणि उशीवर लेन्स, आणि गप बसायचं. चंडोल तिळाचा शेंगदाणा होतो.

मिररलेस. इथं बरेच जण फसतात म्हणून जरा थांबतो. सगळं विकून आणि वर ५० हजार घालून जो मिररलेस येईल, आर५० वगैरे, त्याच्यासोबत डब्यात काय येतं? १८-४५. ती पण किट लेन्सच, आणि ४५ ला एफ ६.३, म्हणजे तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षाही अंधारी. जानेवारीत गॅदरिंगला तुम्ही नवा कोरा कॅमेरा घेऊन त्याच जागी उभ्या असाल. मिररलेसचा फोकस फार पुढं गेलाय, डोळा पकडून ठेवतो, पुढंमागं घ्यालच तुम्ही, पण अंधारासाठी ते औषध नाही. आणि तुमच्या कॅमेऱ्याचा जो ईएफ माउंट, त्याच्या लेन्समध्ये पैसे घातले तर ते बुडणार असंही नाही. तो माउंट १९८७ पासून आहे, २०१८ ला नवा आरएफ आला, पण अडॅप्टर लावून जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालतात, अडॅप्टरच्या आत काच नसते, नुसती नळी आणि कॅमेऱ्याशी बोलायचे कॉन्टॅक्ट. उलटं मात्र चालत नाही, आरएफ लेन्स तुमच्या १५००डी ला बसणार नाही, ऑनलाइन घेताना एवढी दोन अक्षरं डोळ्यात तेल घालून वाचा.

मग घ्यायचं काय? गॅदरिंगच्या आत ५० एमएम एफ १.८ एसटीएम घ्या. नवीन, बिलासकट. तुमच्या पन्नासातले दहा-बारा हजार जातील. १६० ग्रॅमची पुडी आहे, पेढ्याचा बॉक्स तिच्यापेक्षा जड असतो. लेझीमचा फोटो तुम्ही ५५ ला काढलाय म्हणजे उभं राहायची जागा पण तीच चालेल. पण दोन-तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर महिन्यानं मला शिव्या द्याल. तिला झूम नाही, पाय हाच झूम. स्टेजपासून सहा मीटरवर असाल तर पावणेतीन मीटरची रुंदी मिळते, म्हणजे तीन-चार पोरं, सगळं स्टेज मावायचं नाही, स्टेजसाठी आपली १८-५५ च. एफ २ ला तेवढ्या अंतरावर फोकसची खोली मीटरभर असते, पुढची ओळ लख्ख आणि मागची विरघळलेली, तेव्हा कुणाच्या आईचा फोन येणार ते आधी ठरवून फोकस करा. आणि फोकस मधल्याच पॉइंटनं करा, तुमच्या कॅमेऱ्याच्या नऊपैकी तो मधलाच अंधारात भरवशाचा. स्टेजवर स्वस्तातले एलईडी लाइट असतील आणि फोटोत आडवे पट्टे दिसायला लागले तर शटर १/१०० वर आणून बघा, आणि मग उडीच्या टोकाला, जिथं पोर क्षणभर हवेत थांबतं, तिथं क्लिक करा.

अजून एक. घेण्याच्या आधी, या रविवारी, १८-५५ चं झूम ५० वर नेऊन तिथंच टेप मारा आणि दिवसभर तशीच वापरा. घरात लेकीचे फोटो काढताना सारखं मागं सरकावं वाटलं, भिंत आडवी आली, तर तुमच्या घराला ५० लांब पडते, मग २४ एमएम एफ २.८ ची चपटी लेन्स मिळते ती बघा. उजेड तिच्यात ५० पेक्षा कमी, पण किटच्या ५.६ पेक्षा चौपट. मात्र गॅदरिंगसाठी मी ५० च म्हणेन.

कासचं वेगळं आहे. तिथं तुम्हाला अंधाराचा त्रास नाही, बारीकपणाचा आहे. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरच्या रविवारी तिथं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, सातारकर आहात. वाट सोडून आत पाय टाकायचा नाही, फोटोसाठी लोळायचं तर अजिबात नाही, एका फुलाचा फोटो काढायला लोक शंभर तुडवतात. म्हणून तिथं लांबून जवळचं दाखवणारी लेन्स कामाची, आणि ती तुमच्याकडं आहे, ५५-२५०. तिच्या तोंडावर क्लोजअप लेन्स लावा, रेनॉक्सची डीसीआर १५० म्हणून मिळते, चिमट्यानं बसते, ५२ ते ६७ एमएमच्या तोंडाला चालते आणि तुमच्या लेन्सचं तोंड ५८ चं आहे. तिच्यातून २५० ला सीतेच्या आसवांचं एक फूल सगळी फ्रेम भरून टाकतं, वाटेवरूनच, साधारण वीतभर अंतरावरून. फोकसची खोली मिलिमीटरात येते, म्हणून एफ ८ ते ११, आणि वाऱ्याचा दम संपायची वाट बघायची. दहातले आठ फोटो वाया जातील. माझे पण जातात.

जोडीला ५८ चा एक पोलरायझर फिल्टर. पावसात ओल्या पानांवर जी पांढरी चमक येते आणि हिरवा रंग धुऊन टाकते ती तो काढतो, आणि हे काम नंतर मोबाइलवर एडिट करून होत नाही. तुमच्या १८-५५ वर एसटीएम लिहिलेलं नसेल तर फोकस करताना तिचं पुढचं तोंड गोल फिरतं, म्हणून आधी फोकस आणि मग फिल्टर फिरवायचा, उलटं केलं की वेड लागायची पाळी. आणि तेरड्याचा गालिचा काढायला १२.४० ला जाऊ नका हो! आठच्या आत पोचा, किंवा ढगाच्या दिवशी जा. हे फुकट आहे म्हणून कुणी सांगत नाही.

एवढं सगळं धरून २० हजाराच्या आसपास तुमचं काम होतं. उरलेल्याचं काय, तर काही नाही, राहू द्या बँकेत. पुढचा कासचा सीझन होऊ दे, तक्ता परत भरा. 'अंधार' चा शेरा वेगवेगळ्या एमएमला पडत असेल, ५० लावली तर रुंद मिळत नाही आणि रुंद लावली तर उजेड नाही अशी लेन्स बदलाबदली सारखी होत असेल, तर ती १७-५० एफ २.८ सेकंडहँडमध्ये बघा, आणि त्या दिवशी किट १८-५५ खुशाल लेकीला खेळायला द्या. फुलांचंच वेड वाढलं असेल तर कॅननची ६० एमएम मॅक्रो बघा. आत्ता मी सांगितलं तर ते माझ्या आवडीचं होईल, तुमच्या नाही.

मिस्टर म्हणतात एकदाच काय ते चांगलं घे. त्यांचं प्रेम कळतं, पण हे फ्रिज घेताना चालतं. फ्रिजला सगळ्यांच्या घरात एकच काम असतं. लेन्स घ्यायची वेळ येते तेव्हा आपल्याला अजून धड माहीतच नसतं आपण काय काढणार आहोत, ते तीन-चार हजार फोटो झाल्यावर कळतं. मी स्वतः 'एकदाच चांगली' म्हणून एक मोठी टेली, लांबचं दाखवणारी लेन्स, घेतली होती सेकंडहँड, हायवेला एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी, घाईत. घरी येऊन टॉर्च मारला तर आत कोळ्याचं जाळं पसरल्यासारखी फंगस. विकणाऱ्याचा फोन लागायचा बंद झाला. दुरुस्तीवाल्यानं काढली अर्धी, अर्धी राहिली, उन्हाकडं तोंड केलं की सगळा फोटो दुधाळ.

म्हणून सेकंडहँड घ्यायची तेव्हा दिवसाउजेडी, स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड घेऊन. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं मारून पुढून तिरकं बघायचं, जाळं, धुकं, चरा. थोडी धूळ असली तर असू दे, धूळ सगळ्यांच्यात असते. झूम पूर्ण फिरवायचं, कुठं अडखळतं का, खर्र आवाज येतो का, आमच्याकडं पालच्या खंडोबाच्या यात्रेत वापरलेल्या लेन्समध्ये भंडारा बसलेला असतो आणि तो कायम दळण दळत राहतो. मग भिंतीवर पेपर चिकटवून सरळ समोरून फोटो घ्यायचा, आणि चारी कोपरे कॅमेऱ्यावर मोठे करून बघायचे, एकच कोपरा भुरकट असेल तर आत काच सरकलीये, लेन्स कधीतरी पडलेली आहे, नमस्कार करून परत यायचं. ओळखीतला असला तरी हे सगळं करायचं, ओळखीतला असला तर जास्तच.

सासूबाईंना सांगा. लपवून घेतलेली वस्तू घरात मोकळेपणानं वापरता येत नाही, प्रत्येक वेळी पिशवीतून काढताना आवाज खाली येतो. पैसा तुमच्या पगाराचा आहे, परवानगी मागायची नाहीये, नुसतं सांगायचंय. आणि ५० आली की पहिला फोटो त्यांचाच काढा, संध्याकाळी दिवा लावताना, ट्यूबलाइट बंद करून, एफ २ ला. नंतर तो प्रिंट करून द्या, मोबाइलवर पाठवू नका.

ज्यांच्याकडं दुसरे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी पटकन. निकॉन डी३५००, डी५६०० वाल्यांनो, तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळं स्वस्त मिळते म्हणून ५० एफ १.८डी घेतली तर हातानं फोकस करत बसाल, नावाच्या शेवटी 'जी' असलेली एएफ-एस घ्या, तिच्या आतच मोटर असते, आणि घरात काढणार असाल तर ३५ एफ १.८जी डीएक्स जास्त सोयीची. कॅनन आर५०, आर१० वाल्यांना आरएफची ५० एफ १.८ आहे, अडॅप्टरची कटकट नको. बाकी तक्ता सगळ्यांना तोच.

लेन्स वाढल्या की एक काम वाढतं. साताऱ्याच्या जून ते सप्टेंबरच्या दमटात कापडी बॅगेत लेन्स ठेवणं म्हणजे फंगसची शेती. किराणा ठेवायचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळीची गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम करून परत निळी. तांदळात ठेवू नका कुणी कितीही सांगू दे, कोंडा आत जातो. आणि पावसात कासवरून आलात की लगेच डब्यात कोंबू नका, पंख्याखाली रात्रभर सुकू द्या.

रविवारी झूमला टेप मारताना मात्र सेलोटेप नको, रंगारी वापरतात ती मास्किंग टेप घ्या. सेलोटेपचा डिंक रबराच्या रिंगवर राहतो, माझ्या १८-५५ वर अजून आहे, मे महिन्यात हाताला चिकटतो.